हजारात न बसलेली वस्ती

माझा धाकटा भाऊ राष्ट्राध्यक्ष झाला आणि अभिनंदनाच्या फोनांनी माझं डोकं उठवलं. मी कुणाशीच धड बोलले नाही. चाळीस वर्षं एकाच गोष्टीसाठी मी त्याच्या मागे लागले होते, आणि आता त्याच्याकडे सबब उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या कचेरीत जाऊन बसले.

"टिल्लू, तो तक्ता काढ," म्हटलं. दारातला सचिव दचकला. दचकेना का! ज्याचं नाक मी पुसलंय, त्याला काय साहेब म्हणू?

हा तक्ता त्याने सव्विसाव्या वर्षी केला होता, नियोजन खात्यात नवा अर्थतज्ज्ञ म्हणून लागला तेव्हा. देशातली प्रत्येक वस्ती आणि तिथली माणसं, सगळं हजारात. पाचशेच्या खाली माणसं असली की शून्य. वरिष्ठ बेहद्द खूश. त्याच पद्धतीवर पुढे त्याचं पुस्तक, प्राध्यापकी, मंत्रिपद, सगळं उभं राहिलं. आमची खाणीजवळची वस्ती चारशे बारा माणसांची, आणि आई तिथेच राहायची.

"अरे शहाण्या, स्वतःच्या आईला शून्य केलंस?" मी तेव्हाच ओरडले होते.

तो हसला. "कागदावरचं आहे गं ते, ताई. आई कुठे जाणार आहे?"

तक्ता छापून आला त्याच दिवशी वस्तीची बस बंद झाली. आईचं पत्र येईना, तेव्हा मी निघाले. फाट्यावरचा दुकानदार म्हणाला, "इथे कसली वस्ती, बाई?" मी त्याला दोन शब्द सुनावले आणि तणतणत चालत गेले. टेकडी होती, ओढा होता. मध्ये नुसतं गवत. पडकी भिंत नाही, चुलीचा दगड नाही, काही म्हणता काही नाही.

आणि त्या गवतातून, अगदी हाताच्या अंतरावरून, आईचा आवाज आला. "मीठ संपलंय गं. येताना आण." हाका मारून मारून घसा बसला माझा. पुन्हा काही ऐकू आलं नाही.

टिल्लूला सांगितलं तर तो पांढराफटक पडला. पण एक शून्य चुकलं म्हटलं असतं, तर बाकीच्या सदतीस शून्यांचं काय, असं लोकांनी विचारलं असतं. "पुढच्या मोजणीला बघू, ताई," म्हणाला. अशा चार मोजण्या गेल्या.

"आता तुझ्या डोक्यावर कुणी आहे का?" मी विचारलं. "मग लिही!"

त्याने खणातून पिवळा पडलेला तक्ता काढला. एवढी वर्षं जपून ठेवला होता मेल्याने. शून्य खोडलं, चारशे बारा लिहिलं, सही केली.

"आता बाकीच्या सदतीस."

"त्यांचे आकडे मला आठवत नाहीत, ताई," तो हळूच म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना.

दुपारी आम्ही दोघं गेलो. फाट्यावरून मी मिठाची पिशवी घेतली. वस्ती जागच्या जागी होती. दोऱ्यांवरचे कपडे अजून ओले होते. आमच्या दारात आई उभी होती. एकोणपन्नास वर्षांची, केस काळेभोर. मी सत्तरीची. मी मिठाची पिशवीच पुढे केली.

"अगबाई, मीठ! देवासारख्या आलात हो आजी," आई म्हणाली. "मुलीला सांगितलं होतं मी, पण कुठे रमलीय कोण जाणे. कोण हवंय तुम्हाला?"

मग तिचं लक्ष टिल्लूकडे गेलं. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. "अहो आजोबा, रडू नका. सकाळपासून बस नाही म्हणून अडकलात का? माझा लेक शहरात आकड्यांच्या ऑफिसात आहे. त्याला नुसतं कळू दे, धावत येऊन सगळं नीट करेल तो." तिने त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. "टिल्लू म्हणतात त्याला. ओळखता का तुम्ही?"

माझ्या भावाने मान हलवली. नाही म्हणून.