तळ्याकडे वळणारं जाळं

खामसिंगचा धाकटा लेक भिक्षू झाला, त्याच वर्षी नोंगतुमच्या शाळेपुढचं जाळं गावाशी बोलायला लागलं.

जाळं पोरांच्या खेळाचं, एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला तळं. मधे पोलादी खांब आणि त्याच्या टोकापासून छत्रीसारखं पसरलेलं जाड दोरांचं विणकाम. पोरं दोर धरून वर चढत आणि सगळा पसारा गरगर फिरे. त्या सकाळी मात्र त्यावर एकही पोर नव्हतं. दोरांना झेंडूच्या माळा आणि लाल सरबताच्या बाटल्या लटकत होत्या. प्रत्येक बाटलीत नळी खोचलेली, कारण भुताला बाटली तोंडाला लावणं शोभत नाही. समोर अख्खं गाव हात जोडून बसलेलं.

खामसिंग लेकाच्या दीक्षेची तयारी करायला पलीकडच्या मठात जाऊन राहिला होता. तिथे थोरल्या सुनेचा, पिकुलचा, फोन आला. नात फाय जाळ्यावरून पडली, हाताला लागलं. त्याने विचारलं, "मोकडे नेलं का?" ती म्हणाली, "नेलं, बाबा." म्हातारा निर्धास्त झाला. परत येऊन बघतो तर फाय या गर्दीत आईच्या मांडीवर. अंग तापलेलं, कोपर सुजून टम्म, मनगटावर मंतरलेल्या पांढऱ्या दोऱ्यांचा गठ्ठा.

"हा कुठला मो गं?"

"मो थोंगदी."

"अगं, मी दवाखान्यातल्या मोबद्दल विचारलं."

"तुम्ही नुसतं मो म्हणालात, बाबा."

ते खरंच होतं. त्या मुलखात डॉक्टरही मो आणि मांत्रिकही मो.

मो थोंगदी भोंगा घेऊन उभा राहिला. "मंडळी, डोक्यावरच्या भोवऱ्याला आपण काय म्हणतो? ख्वान. माणसाच्या जिवाला काय म्हणतो? ख्वान. आता हे जाळं फिरतं कसं? भोवऱ्यासारखं. पोरगी पडली आणि तिचा ख्वान ह्यात गुंडाळला गेला. हे गणित शाळेत शिकवत नाहीत. दवाखान्यात फोटो काढतात, त्यात हाड दिसतं. ख्वान दिसलाय कुणाला?"

कुणालाच दिसला नव्हता. माना हलल्या.

मग त्याने चिकट भात आणि उकडलेल्या कोंबडीची टोपली शाळेच्या बाजूच्या दोराला अडकवली. "जाळ्यातल्या भुता, पोरीला सोडलं नसशील तर तळ्याकडे वळ."

वारा अजिबात नव्हता. माडाची पानंसुद्धा गप्प होती. मोने हात सोडला आणि जाळं सावकाश फिरलं. टोपली तळ्याकडे गेली, दोनदा डुलली, थांबली.

"सोडत नाही म्हणतोय. टोपली हलकी पडली."

बायकांनी भराभर जड टोपली भरली, मोने पहिली काढून ती पुन्हा शाळेच्या बाजूला अडकवली. या खेपेला जाळं जोरात वळलं.

"बघा, राग वाढलाय. याने सोडल्याशिवाय पोरीला गावाबाहेर हलवू नका. जीव इथेच राहील."

खामसिंग सुनेला म्हणाला, "गाडी सांगतो. चल दवाखान्यात."

"आणि वाटेत हिचं काही झालं तर? ख्वान इथे सोडून कशी नेऊ?" पिकुल मूर्ख नव्हती. घाबरली होती.

तेवढ्यात फाय पुटपुटली, "आजोबा, ते नेहमी तळ्याकडेच जातं. आम्ही ओआनला बसवतो ना."

"ओआन कोण?"

"वर्गातला जाड्या. पावसात तळ्याकडची माती खचली, तेव्हापासून. त्याला शाळेच्या बाजूला चढवलं की फुकट फिरायला मिळतं. कुणाला ढकलावं लागत नाही."

"आणि तो आधीच तळ्याच्या बाजूला बसला तर?"

"मग कशाला हलेल? तो खालीच असतो."

खामसिंग उठला. नवसाच्या गर्दीमुळे शेजारीच फळवालीचं दुकान लागलं होतं. मोची टोपली सोडवून त्याने तिच्याकडचा फणस शाळेच्या बाजूला बांधला.

"मो, मलाही विचारायचंय. जाळ्यातल्या, हा फणस जर आपला सरपंच असेल, तर तळ्याकडे वळ."

जाळं वळलं. फणस तळ्यापाशी जाऊन डुलला. सरपंच पहिल्याच रांगेत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "तोंडवळा आहे खरा." बायका पदराआड नाही, सरळ तोंड उघडून हसल्या.

"आता तुझी टोपली तळ्याच्याच बाजूला बांध, फणसाशेजारी. आणि त्याला शाळेकडे वळायला सांग."

"भूत दुपारी जेवतं, त्याआधी ऐकत नाही," मो म्हणाला.

"मग मी सांगतो." त्याने टोपली फणसाशेजारी बांधून सांगितलं. जाळं हललं नाही. त्याने हळूच ढकललं, तरी टोपली आणि फणस फिरून तळ्याकडेच आले.

तोवर शाळेच्या लड्डाबाईंनी एक लाल बाटली दोऱ्याला बांधून खांबाला टेकवून सोडली. वर खांबाला चिकटलेला दोरा खाली चार बोटं दूर लोंबत होता, तळ्याकडे. "खांब कलला आहे," बाई म्हणाल्या. "शाळेची बाजू उंच, तळ्याची खाली. उंचावर ओझं ठेवलं की ते खाली जाणारच. ओझं वाढवाल तेवढं जोरात जाईल."

"खांब भुतानेच वाकवला," मो म्हणाला.

"मग भूत खांब रोवणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला असेल."

पिकुलने पुढचं ऐकलं नाही. ती पोरीला घेऊन गाडीकडे निघाली होती.

कोपराचं हाड मोडलं होतं. आणखी उशीर झाला असता तर बोटं कामातून गेली असती, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पुढच्या पावसाळ्याआधी खांब सरळ झाला आणि फाय त्याच हाताने वर चढली. ओआन तेवढा नाराज झाला, त्याला आता कुणी बोलवेना.

फिरणाऱ्या गोष्टीला आधी विचारावं, बाई, तू कशाने फिरतेस? हात जोडायचेच असतील तर ते उत्तर कळल्यावरही जोडता येतात. पण तोवर आजारी पोर घेऊन तिच्यापुढे बसून राहू नये.

दोन वर्षांनी भातकापणीच्या दिवसांत मो थोंगदी छातीत कळ येऊन बांधावर पडला. लोकांनी उचलून विचारलं, "मोकडे न्यायचं का?"

त्याने डोळे न उघडता सांगितलं, "दवाखान्यातल्या."

दवाखान्यातच, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, तो वारला. हाताला सलाइनची सुई होती. दोरा एकही नव्हता.