प्रमुख सगळ्यांत शेवटी

माझ्या बालवर्गात प्रमुख रांगेत सगळ्यांत शेवटी चालतो. नियम मीच केलेला. कुणाच्या बुटाची नाडी सुटली, कोण मांजर बघत थांबलं, हे पुढच्याला कसं कळणार? पाणीही सगळ्यांचं पिऊन झाल्यावर त्याने प्यायचं, सगळे बसले की मग त्याने बसायचं. खरं सांगायचं तर या नियमाचं मूळ म्हणजे माझा मोठा भाऊ. लहानपणी शाळेतून येताना दादा ढांगा टाकत पुढे जायचा आणि मी मागून रडत पळायचे. एकदा तर मला सायकलच्या दुकानापाशी विसरून हा घरी पोचला आणि वर जेवायलाही बसला. ते मी आजतागायत विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

आता हाच दादा आमच्या वसाहतीचा अध्यक्ष झाला होता, आणि त्याला माझ्या वर्गाची खोली हवी होती. कशासाठी? तर समितीने मागवलेल्या दोनशे घडीच्या खुर्च्या ठेवायला!

"अगं, तुम्ही गाणीच म्हणता ना? ती अंगणातही म्हणता येतील," माझी भिंत टेपने मोजत तो म्हणाला.

"आम्ही पुढारीपण शिकतो," मी फणकारले.

तो इतका हसला की टेप सुटून त्याच्याच बोटावर आपटली. "मग शनिवारी अकराला सभागृहात घेऊन ये तुझे पुढारी. समितीला पटलं नाही, तर सोमवारी खुर्च्या आत."

खोलीपासून सभागृह जेमतेम साठ पावलं. शनिवारी प्रमुखपदाची पाळी होती भोंग्याची. ही पाच वर्षांची मुलगी. आवाजामुळे नाव पडलेलं. पण समितीसमोर जायचं म्हटल्यावर एकोणीसच्या एकोणीस जणांना प्रमुख व्हायचं होतं. मी "चला" म्हटलं आणि सगळ्यांत पुढचा मुलगा टुणकन मागे जाऊन उभा राहिला. मग दुसरी गेली, मग तिसरा. रांग चालू लागली खरी, पण उलटी! ती फाटकाबाहेर पडली, तिने शिंप्याचं दुकान ओलांडलं आणि तिचं मागचं टोक थेट न्हाव्याच्या दुकानात शिरलं.

"बाई, पोरं नेताय की परत करताय?" गिऱ्हाईकाची अर्धी दाढी तशीच सोडून न्हाव्याने विचारलं.

अकराला पाच मिनिटं उरली होती. मला रडू यायला हवं होतं, पण हसूच आवरेना. आणि हसता हसताच सुचलं. "सगळे जागेवरच मागे वळा! सभागृहाकडे पाठ!"

झालं! आता शेवटचा नंबर सभागृहाच्या बाजूला आला आणि जो तो तिकडे धावू लागला. दोन मिनिटांत आमची रांग, पाठमोरी आणि खिदळत, सभागृहात दाखल झाली. समितीच्या आठ जणांनी तोंडात बोटं घातली.

दादा मधल्या गादीच्या खुर्चीत बसणार, इतक्यात भोंगा कडाडली, "काका, तुम्ही इथले प्रमुख ना? मग आधी कसे बसता?"

दादा अर्धवट वाकलेला तसाच थांबला. तेवढ्यात एकाने गादीच्या खुर्चीत समितीतल्या आजींना बसवलं, दुसरीने खजिनदारांच्या बुटाची नाडी बांधली आणि तिसऱ्याने पाणी वाटलं. अध्यक्षांच्या वाट्याला ना पाणी आलं ना खुर्ची. समिती हसू दाबता दाबता लाल झाली.

"सगळे आले का? मोजा," भोंग्याने त्याला फर्मावलं.

दादाने पोरं मोजली. पुन्हा मोजली. "अठरा," तो म्हणाला.

मी रांगेवरून नजर फिरवली. वर्गातली सगळ्यांत छोटी, जिला आम्ही ठिपका म्हणतो, ती नव्हती. मी दाराकडे वळेपर्यंत दादा बाहेर पडलाही होता. त्याला पळताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तेही मागे राहिलेल्या कुणासाठी.

तो परतला तेव्हा ठिपका त्याच्या खांद्यावर होती आणि तिच्या दोन्ही गालांना साबणाचा फेस. न्हाव्याच्या उंच खुर्चीत बाईसाहेब आरशात बघत बसल्या होत्या म्हणे. दादाचा सदरा फेसाने माखला होता.

"खोली वर्गाकडेच राहावी असं कुणाला वाटतं?" आजींनी विचारलं. आठ हात वर झाले. पोरांचेही झाले, ते कुणी मोजले नाहीत. दादा मात्र तसाच उभा.

"तुझं काय?" मी विचारलं.

"प्रमुख शेवटी ना?" असं म्हणून त्याने हात वर केला.

पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं. भोंग्याने सगळ्यांना गप्प करून जाहीर केलं की आज परत जाताना रांगेत शेवटी काका चालतील. विशेष म्हणजे कुणीही भांडलं नाही.

रांग सरळ निघाली. मी पुढे होते. सायकलवाल्याचं ते दुकान इथे नव्हतं, तरी सवयीने माझी पावलं जरा घाईतच पडत होती.

"हळू चाल गं," मागून दादाचा आवाज आला. "मी आहे मागे."