कुंकू लावलेलं मशीन

अलकनंदाचं शिवणकाम म्हणजे टाइमपास, असं तिचा नवरा विक्रांत गेली चार वर्षं चारचौघांत हसत हसत सांगायचा. आयर्लंडमधल्या ट्रली गावात, भाड्याच्या घरात, मागच्या छोट्या खोलीत बसून ही बाई अर्ध्या गावाचे गाऊन आणि चर्चमधल्या कम्युनियनच्या विधीचे लहान मुलींचे फ्रॉक बेतून द्यायची, वर रीतसर टॅक्स भरायची, तरी टाइमपासच. आता काय बोलावं अशा माणसाला.

फेब्रुवारीत माळ्यावरची पाण्याची टाकी फुटली. शिलाई मशीन, कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक, सॅटिनचे तागे, बाहेरच्या खोलीतला सोफा, विक्रांतचा लाडका टीव्ही, सगळं चिंब. घरमालकाचा विमा फक्त घराचा, आणि आपल्या सामानाचा विमा यांनी काढलाच नव्हता. मशीनं दुरुस्त करण्यात आणि नवं कापड भरण्यात अलकनंदाची सगळी शिल्लक गेली. हा खर्च टॅक्समधून वजा झाला नाही, तर धंदा गुंडाळायची वेळ येणार होती.

ऑक्टोबर उजाडला. अकाउंटंट नोरीन शांतपणे म्हणाली, "भाडेकरूचं घरगुती सामान भिजलं, तर टॅक्समध्ये काही सुटत नाही. धंद्याचं असेल, तर सुटतं. पण ते धंद्याचंच होतं, हे दाखवायला काय आहे?"

बिलं होती की. पण जिथे लक्ष्मी येते तिथेच तिचे कागद, या आईच्या शिकवणीला जागून तिने ती मशीनच्याच खणात ठेवली होती. त्यांचा लगदा झाला होता.

"जाऊ दे ना यार," विक्रांत म्हणाला. "बस थोडे दिवस घरी. ग्रँड होईल सगळं, एकदम मस्त."

अलकनंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या दिवशी खंडेनवमी होती, भांडायला सवड नव्हती. तिने मशीन पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू मिळेना म्हणून डेलियाचं फूल ठेवलं आणि दरवर्षीसारखा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. वर सरकवता सरकवता मागच्या वर्षीचा फोटो दिसला. मग त्याच्या आधीचा. तिचा हात तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी नोरीनने चारही वर्षांचे फोटो मोठे करून पाहिले. तारखा होत्या. मशीन, ओव्हरलॉक, इस्त्री, मागे गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेले कपडे.

"हा लाल ठिपका कसला?"

"ज्याच्यावर पोट चालतं, त्या वस्तूची आम्ही या दिवशी पूजा करतो. घरच्या सामानाची नाही."

नोरीन खुर्चीत मागे टेकली. "मग तुझी अवजारांची नोंदवही तयारच आहे की. सोबत बँकेचे कागद जोडू. दुरुस्ती आणि कापड, दोन्ही वजा धरते."

अलकनंदा घरी आली ती ताठ मानेने. धंदा वाचला होता, आणि तो धंदाच होता हे आता कागदावर येणार होतं. आनंद तिच्या पोटात मावत नव्हता.

विक्रांतने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "माझा टीव्हीपण घाल ना त्यात."

"नाही घालता येत," कातरीला धार लावता लावता ती म्हणाली. "तो टाइमपासचा."