आधी स्क्रिप्ट दुरुस्त करा

पिंप्राळ्यात एका दुकानाच्या वर आमची होस्टिंग कंपनी आहे. एका सर्व्हरवर आम्ही चारशे साईट बसवतो. त्यातली एखादी हावरटासारखी सगळी ताकद ओढायला लागली की बाकीच्या रांगायला लागतात. मग ती बंद करायची. हे काम माझं, सहा वर्षांपासून. पहिल्या वर्षी बंद करण्याआधी साईट उघडून बघायचे, कुणाची आहे, काय आहे. उगाच जीव अडकायचा. मग ते सोडलं. आता फक्त साईट किती ताकद ओढते तो आकडा बघते.

मे महिन्यातल्या त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला एका खात्याचा आकडा लाल झाला. मी मेल पाठवला, नियमाप्रमाणे वीस मिनिटं थांबले, खातं बंद केलं आणि चहा घेतला. चहा बरा होता.

अकराला फोन आला. अमळनेरचे अभिमन आबा, निवृत्त शिक्षक. आसपासच्या गावांत कुणी वारलं की अंत्ययात्रा कुठून, किती वाजता, हे ते आपल्या साईटवर टाकतात. बारा वर्षं झाली.

"ताई, मनी साईट दहा मिनिट चालू करी दे," ते म्हणाले. "पारोळाजोडे एक बाई वारनी, कमलबाई. तिना भाऊ धुळाले ऱ्हास, माहेरनं लुगडं तोच लई येवाव शे. चार वाजता लिखेल शे, पन फ्रिजनी शवपेटी बंद पडनी. आते एक वाजताच नेतीन. तेवढं बदलनं शे."

माहेरच्या लुगड्यासाठी बाईला थांबवून ठेवतात, हे मला कुणी समजावून सांगायला नको. माझ्या आईला शेवटचं नेसवलं ते मामांनी आणलेलं होतं.

"भावाला फोन करा ना, आबा."

"नंबर नही मनाजोडे. तिना घर फोन लाई देखा, कोनी उचलत नही. त्यासले वाटस आबानी टाकी दिधं व्हई. आते कोनी कोनले फोन करत नही, ताई. बठ्ठा साईटच देखतस."

ही आबांचीच करणी. इतकी वर्षं इतकं वेळेवर टाकलं की लोकांनी एकमेकांना कळवणंच सोडून दिलं.

मी त्यांची साईट चालवणारी स्क्रिप्ट उघडली. पान दर दोन सेकंदांनी आपोआप ताजं व्हायचं, आणि वरचं एक नाव दाखवण्यासाठी दर वेळी बारा वर्षांतले सगळे मेलेले पहिल्यापासून वाचून काढायचं. आबांच्या भाच्याने लिहून दिलेलं. भाचा पुण्यात, फोन बंद. चूक एका ओळीची होती. मला पाच मिनिटं लागली असती. पण ग्राहकाच्या कोडला हात लावायची आमच्याकडे मनाई आहे. पूर्वी एकदा दया येऊन लावला होता, त्यांची साईट बिघडली आणि मला माफीनामा लिहून द्यावा लागला.

माझ्या वरिष्ठांना, जितेंद्र सरांना, विचारलं. साहेबांनी मोबाईलमधून मान वर न काढता सांगितलं, "आधी स्क्रिप्ट दुरुस्त करायला सांग."

"आबा, आधी स्क्रिप्ट दुरुस्त करा, मग चालू होईल."

"माले नही येत ना ते."

"मग भाच्याला मेल करा."

त्यांनी फोन ठेवला. एक बटण दाबायचं होतं. दहा मिनिटांसाठी दाबलं असतं तर सरांना पत्ताही लागला नसता. माझं मन भरून आलं असं सांगायला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. मी पुढच्या तक्रारीचं टिकेट उघडलं, आणि दुपारी डबा खाल्ला.

सव्वातीनला पुन्हा फोन. बंद केलेल्या साईटवर आमचाच नंबर दिसतो, तिथूनच लावलेला.

"मी पितांबर बोलस, धुळाना. कमलबाईना भाऊ." आवाज अगदी साधा. "सकायले चार लिखेल देखं व्हतं. मी तीनलेच उनू. तं बठ्ठं व्हई गयं. दोन वाजालोंग थांबनात म्हने. मंग सासरनं नेसाडी दिधं."

आता शिव्या देईल म्हणून मी थांबले. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई," तो म्हणाला, "आते हाई लुगडं मी कोनले देऊ?"

"तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे," मी म्हणाले. लाज वाटली, पण तीसुद्धा लांबून.

"बरं," तो म्हणाला. "त्या तक्रारना नंबर सांगी दे."

मी सांगितला. एकेक आकडा माझ्यामागून म्हणत त्याने तो लिहून घेतला.