खिडकी उघडणारी वकीलबाई

शुक्रवारी दुपारी जेवणं आटोपली की आखातातल्या आमच्या मंगफच्या घरात चर्चच्या घंटा वाजत. त्या येत मार्ताच्या फोनमधून. मार्ता ही समोरच्या फ्लॅटमधली आमची स्लोव्हाक शेजारीण. तिचा आणि माझा नवरा एकाच तेल कंपनीत. कॉफीचा कप हाती घेऊन ती आईला फोन लावी, आणि तिकडे द्राक्षमळ्यांच्या उतारावरच्या एका लहान गावात म्हातारी आई फोन खिडकीशी नेई. पहिली काही वर्षं तो नाद फार दबलेला येई, कारण खिडकी बंद असे. गावाला खेटून कचऱ्याचा डोंगर होता, त्याच्या शेजारी दुसरा येऊ घातला होता. तो आला असता तर आईला घरच सोडावं लागलं असतं. इथे दक्षिणेचा वारा सुटला की तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या गॅसच्या वासाने आम्हीही खिडक्या लावून घेतो, त्यामुळे मार्ताचं दुःख मला समजावून सांगावं लागलं नाही.

त्या दुसऱ्या डोंगराविरुद्ध खटला लढणारी तिच्या गावातली वकीलबाई मला भेटली ती अशी, या बंद काचेपलीकडून. प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. वकील म्हटला की मला नाशिकच्या आमच्या गल्लीतले अण्णा आठवत, दूधवाल्याशी बोलतानाही टेबलावर मूठ आपटणारे! ही बाई मात्र मार्ताच्या फोनवरच्या थरथरत्या चित्रांत शांत, स्थिर उभी असे. चेहऱ्यावर ना रोष, ना दर्प. थंडीतलं ऊन जसं आवाज न करता ओसरीवर चढत जातं, तशी ती एकेका न्यायालयाची पायरी चढत होती. ऋतू पालटत होते, द्राक्षं पिकून उतरत होती, आणि तिचा संयम मात्र विटत नव्हता. मला तिचा हेवा वाटे, हे सांगून टाकते.

मग एका शुक्रवारी घंटा लख्ख, मोकळ्या, घर दणाणून टाकणाऱ्या आल्या. दुसरा डोंगर न्यायालयाने थांबवला होता. मार्ता कप तसाच धरून रडत होती. "आईने खिडकी उघडली गं," एवढंच ती म्हणाली.

तरीही तिची भीती गेली नव्हती. आज थांबलेलं उद्या पुन्हा सुरू होईल, असं तिला वाटे. म्हणून काही वर्षांनी तीच वकीलबाई राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहिली तेव्हा मार्ताने तडक विमान पकडलं, कारण त्या निवडणुकीत परदेशातून मत देता येत नव्हतं. कचऱ्याच्या वासाविरुद्ध लढलेली बाई देशाच्या सर्वोच्च आसनावर बसली, तीही त्या देशाची पहिली स्त्री राष्ट्राध्यक्ष म्हणून. बातमी पाहून मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

मार्ता परतली त्या सकाळी नेमका पाडवा होता. इथे वेळूची काठी कुठून मिळणार? पडद्याचा दांडा काढून, त्याला सासूबाईंची जरीची साडी बांधून आम्ही बाल्कनीत गुढी उभारली होती. मार्ता बॅगेसकट दारात थबकली. तिला मी कधीतरी सांगितलं होतं की गुढी विजयाची असते.

"माझ्या वकीलबाईंसाठी?" तिने विचारलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"नो आँटी, दॅट्स अवर न्यू इयर..." माझी लेक सुरू झाली.

"गप गं!" सासूबाई म्हणाल्या. "विजयाचीच गुढी ती. आपली झाली, तिच्या बाईचीही झाली. ये गं मार्ता, आत ये."

त्यांनी तिला कुंकू लावलं, कडुनिंब आणि गूळ हातावर ठेवला. मार्ताने तो कडू घास तोंड जराही वाकडं न करता चावून खाल्ला. त्या दिवशी आमच्या बाल्कनीत दोन देशांचा आनंद एका पडद्याच्या दांड्यावर डौलाने उभा होता.

पुढे वकीलबाई कार्यकाळ संपवून आपणहून त्या आसनावरून उतरली. दुसऱ्यांदा उभीच राहिली नाही. मार्ताचा नवरा निवृत्त झाला, ती दोघं गावी परतली. सासूबाई गेल्या. मार्ताची आईही गेली. समोरच्या फ्लॅटला आता दुसरीच पाटी आहे.

पण दर पाडव्याला, गुढीपाशी मी उभी असताना, मार्ताचा फोन येतो. आता आईच्या जागी तीच फोन बाहेर धरते, आणि घंटा आमच्या बाल्कनीभर घुमतात. यंदा मी विचारलं, "तिकडे अजून थंडी असेल ना? खिडकी कधी लावतेस?"

"आई गेल्यापासून लावलीच नाही," ती म्हणाली. "अंगावर स्वेटर घालते."

काळ एकेक माणूस उठवून नेतो, आसनावरून, घरातून, समोरच्या दारातून; आणि मागे राहिलेलं कुणीतरी स्वेटर घालून ती खिडकी उघडी ठेवतं.