माझ्या रेघेतली थरथर

मी भूकंपमापक बोलतोय. दचकू नका, आत्ता काही झालेलं नाही! जमीन हादरली की लोकांना माझी आठवण येते. एरवी मी तळघरात, खडकावर घट्ट बसवलेला, कुणाच्या खिजगणतीतही नसतो.

पण जमीन कधी गप्प बसते का? वारा झाडं हलवतो, झाडांची मुळं माती हलवतात. दूर समुद्रात लाटा एकमेकींवर आदळतात, त्यांचा दाब तळाला बसतो आणि खडकातून थेट माझ्यापर्यंत येतो. तुमच्या पायांना पत्ताही लागत नाही. माझी सुई मात्र कागदावर सारखी थरथरते.

हा कागद बदलायला रोज सकाळी ताई येते. तिचा दादा मासेमार. इथल्या इंजिनियरनंच तिला सांगितलं होतं, "ताई, थरथर वाढली की लांब कुठेतरी समुद्र खवळलाय समजा." तेव्हापासून ती आधी रेघ बघते, मग दादाला फोन लावते.

पुढे त्याच थरथरीत लांबचे बारीक भूकंप हरवायला लागले, म्हणून इंजिनियरनं समुद्राची थरथर गाळून टाकणारा फिल्टर बसवला. बिचाऱ्याच्या डोक्यात ताई आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी किनारा शांत होता, पण आत समुद्र नुसता पिसाळला होता. मला सगळं जाणवत होतं आणि सुई चाललेली अगदी सरळ! ताईनं रेघ बघितली आणि खुशीत फोन लावला.

"दादा, आज जा बिनधास्त."

मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती हो!

तेवढ्यात इंजिनियर चहाचा कप घेऊन जिना उतरला. "अहो ताई, काय सांगताय त्याला? ती थरथर मी काढून टाकलीय!"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं परत फोन लावला. नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावला.

"काय गं? दोर सोडतोय मी."

"बांध तो परत! माझी शपथ आहे तुला, दादा!"

तो कुरकुरला, पण होडीतून उतरला. ताई पायरीवर बसून रडली. इंजिनियर नुसता "चुकलं माझं" म्हणत राहिला.

आता मला दोन सुया आहेत. एक भूकंपांची, दुसरी ताईची.

परवा दादा स्वतः आला. खडकावर तळहात टेकून म्हणाला, "मला तर काहीच कळत नाही."

"म्हणून तर याला विचारते," ताई म्हणाली.

बाबांनो, माझी थरथर नको असेल तर खुशाल गाळा. फक्त आधी बघा, तिच्या भरवशावर कुणी घराबाहेर पडतंय का.