घरी जाणारं तेल

यवतला हायवेच्या कडेला ज्योतिबाची भज्यांची गाडी. गाडीवर लाल अक्षरांत पाटी, 'रोज नवीन तेल'. शेजारचे गाडीवाले आठ-आठ दिवस त्याच काळ्या तेलात तळायचे आणि ज्योतिबा त्यांच्या नावानं नाकं मुरडायचा. गडी बोलायला फटकळ, पण धंद्यात चोख. वीस वर्षांत शिळ्या तेलातलं एक भजं त्यानं गिऱ्हाइकाला दिलं नाही.

पण कालचं तेल ओतून द्यायचं त्याच्या जिवावर यायचं. ते गाळून घरी जायचं. बायको वच्छलाबाई त्यातच फोडणी द्यायची, त्यावरच चपात्या भाजायची. पोरी लग्न होऊन गेलेल्या, त्यामुळं घरात खाणारी ती एकटीच. ज्योतिबाचं दोन्ही वेळचं जेवण गाडीवरच उरकायचं.

गेल्या महिन्यात तिच्या छातीत कळ आली. दौंडच्या दवाखान्यात जीव वाचला, पण हृदय कायमचं अधू झालं. डॉक्टरांनी घरच्या तेलाचं विचारलं, तेव्हा ह्यानं मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. वाया काही घालवत नाही म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, "कोलेस्टेरॉल सगळ्यांच्याच रक्तात असतं. पण ते ऑक्सिडाइज झालं, खवट झालं म्हणा, की रक्तवाहिनीच्या भिंतीत रुतून बसतं. पुन्हापुन्हा तापवलेलं तेल त्याला हातभार लावतं. त्यांना बीपी आहे, शुगर आहे, एकट्या तेलानं झालं असं मी म्हणणार नाही. पण ते तेल आजपासून बंद."

ज्योतिबाच्या तोंडचं पाणी पळालं. परत कधी न दिसणाऱ्या ट्रकवाल्यांना त्यानं जपलं होतं. घरच्या बाईला मात्र रोज हातानं नेऊन दिलं होतं ते कढईतलं उरलंसुरलं. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर चार दिवस त्यानं गाडी लावली नाही. पाचव्या दिवशी तिच्या खाटेशी बसून एकदाचं बोलला.

"वच्छे, त्या तेलानं घात केला. माझ्या ध्यानातच आलं न्हाई गं."

"मला वास यायचा की त्याचा," ती म्हणाली. तिला बोलतानाही दम लागत होता.

"मग बोलली का न्हाईस?"

"वाटायचं, एक दिवस तुम्ही घरी जेवाल, तवा तुम्हालाच कळंल."